गाडी चालू झाली नाही त्या सकाळी

आमच्या इस्लामपूरच्या घरात गाडी चालू होईना झाली की सगळी माणसं एकदम हळू बोलायला लागत. आई चुलीतलं लाकूड मागं ओढायची, समोरच्या बाबूकाकांच्या पानपट्टीवरचा रेडिओ बारीक व्हायचा आणि आप्पा पत्र्याच्या शेडमध्ये गाडीच्या नाकाशी मान तिरकी करून उभे राहायचे. घरात कुणी आजारी पडल्यावर डॉक्टर नाडी धरून बसावेत, तसे. कुणी काही विचारलं तर हात वर करून म्हणायचे, "दम धरा जरा. तिचं तिला सांगू द्या काय दुखतंय ते." मग थोड्या वेळानं गाडी सुरू व्हायची, पत्रा थरथरायचा, शेडच्या आढ्यातल्या चिमण्या भर्रकन बाहेर पडायच्या, आणि आई लाकूड परत आत सारून तव्यावर भाकरी टाकायची. हे सगळं इतक्या वेळा झालेलं होतं, की गाडी बंद पडणं ही आम्हाला काळजीची गोष्ट वाटत नसे. कुठल्याही कारणानं बंद पडू दे, आप्पांना ते सापडतं, अशी आमची खात्री होती.

आप्पा फौजेत ड्रायव्हर होते, आणि तिथंच गाडी दुरुस्तही करायला शिकले होते. हवालदार होऊन परत आल्यावर त्यांनी चुलत्यांबरोबर उसाच्या फडात उतरायचं नाकारलं आणि एक जुनी काळी मोटार घेतली. तिच्या मागच्या एका दाराला आतून सुतळी बांधलेली होती, पुढच्या काचेला कोपऱ्यात तडा होता. पण आप्पा तिला रोज पुसायचे, आणि गावात कुणाकडं लग्न निघालं, कुणाला मिरजेच्या दवाखान्यात न्यायचं झालं, कुणाला साताऱ्याला कोर्टाच्या तारखेला जायचं असलं की माणसं आमच्या दारात येऊन "हवालदार हायती का?" म्हणून विचारायची. आप्पांनी कधी कुणाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नाही.

माझा थोरला भाऊ आप्पांच्या मागोमाग फौजेत गेला आणि आप्पांची विद्या माझ्या वाट्याला आली. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. दुपारी जेवणं झाली की ते बॉनेट उघडायचे आणि मला हाक मारायचे. त्यांची शिकवायची रीत ठरलेली. पहिलं ऐक, मग हुंग, मग हात लाव. किल्ली फिरवल्यावर नुसतं 'टक्' होऊन गप्प झाली तर बॅटरी बसली किंवा तिच्या टोकांवर पांढरं फूल आलं. सेल्फ गरागरा फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर एक तर पेट्रोल येत नाही, नाही तर ठिणगी पडत नाही. पेट्रोलचा भपकारा आला तर ओव्हर झाली, चोक आत ढकल आणि दम खा. वासच नाही आला तर पंप बघ, नळीत कचरा बघ, आणि त्याआधी टाकीत काडी घालून बघ, कारण शंभरातले दहा शहाणे रिकाम्या टाकीनंच बॉनेट उघडून बसतात. ठिणगीचं बघायचं असेल तर प्लगची वायर काढून इंजिनाजवळ धर. ठिणगी दिसली नाही तर डेल्कोचं टोपण उघड. डेल्को म्हणजे एक उभा डबा, त्यातून प्रत्येक प्लगला पाळीपाळीनं ठिणगी वाटली जाते. आत मध्यभागी एक दांडी असते आणि तिच्यावर बसवलेला अंगठ्याएवढा चॉकलेटी तुकडा, डोक्यावर पितळी पट्टी असलेला. तो रोटर. "फौजेत रातच्याला गाडी लावली की ह्यो काढायचा आन् खिशात टाकायचा," आप्पा सांगायचे. "मग किल्ली गाडीतच ऱ्हाऊ दे, कुनाचा बाप न्हिऊ शकत न्हाई."

परवा माझ्या नातवाची गाडी बिल्डिंगच्या खाली अडून बसली होती. त्यानं फोनवर शोधून मला मोठ्यानं वाचून दाखवलं, गाडी चालू न होण्याची नेहमीची कारणं. मी भाजी निवडत ऐकत होते. यादी बरोबर होती, आप्पांचीच जवळजवळ. तो वाचून थांबला तेव्हा मी त्याला म्हणाले, "एवढीच असतात बाबा." आणि उठून आत गेले. हात धुवायच्या निमित्तानं नळ बराच वेळ सोडून उभी राहिले.

आप्पांच्या छातीत दुखायला लागलं त्या वर्षी उन्हाळा लवकर चढला होता. ते घरी बोललेच नाहीत. साताऱ्याहून परत येताना कासेगावच्या अलीकडं त्यांनी गाडी बाजूला घेतली, लिंबाखाली अर्धा तास पडून राहिले, बनियन पिळून निघेल इतका घाम आला, हे सगळं गाडीत बसलेल्या माणसांनी नंतर आईला सांगितलं. आई त्यांना ओढतच डॉक्टरांकडं घेऊन गेली. डॉक्टरांनी महिनाभर गाडी बंद, जिना बंद, जड उचलणं बंद असं सांगितलं. आप्पा तिथं 'व्हय, व्हय' म्हणाले आणि तिसऱ्या दिवशी विट्याचं भाडं घेऊन गेले. लग्नाचे दिवस होते. माणसं दारात यायची आणि आप्पा टॉवेल खांद्यावर टाकून उठायचे.

आईनं सगळं करून बघितलं. रडून झालं, अबोला धरून झाला. एकदा तिनं किल्ली लपवली. आप्पांनी दोन वायरी ओढून एकमेकींना जोडल्या, गाडी सुरू केली आणि फाटकातून बाहेर काढताना हसत म्हणाले, "हवालदारीनबाई, किल्लीनं काय हुतंय?" बाबूकाकाही हसले. आई दारात उभी होती, ती हसली नाही. संध्याकाळी आप्पा परत आले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. जेवले नाहीत. भिंतीला पाठ लावून बसून राहिले आणि आई त्यांच्या पायाशी बसून तळव्यांना तेल चोळत राहिली. त्या दिवसानंतर ती भांडायची थांबली. मला वाटलं, ती थकली.

त्याच आठवड्यात आम्ही अंगणात बाजेवर शेवया घालत होतो. आई शेवयाच्या पाटावर पिठाचा गोळा लांबवत होती, मी तार उचलून काठीवर टाकत होते. उन्हामुळं दोघींनीही डोक्यावरून पदर घेतले होते. आई माझ्याकडं न बघता म्हणाली, "शाले, गाडी कशाकशानं चालू हुईत न्हाई गं?"

आईनं गाडीबद्दल कधी काही विचारलं नव्हतं. तिला पेट्रोलच्या वासानं मळमळायचं. मला इतकं बरं वाटलं, की मी हातातली शेवई तशीच धरून तिला सगळं सांगितलं. बॅटरी सांगितली, प्लग सांगितले, पंप सांगितला. ती मधेच विचारायची, "पर ते तुझ्या आप्पास्नी लगीच दिसंल न्हवं?" मी म्हणायचे, "त्यास्नी समदंच दिसतं." मग फौजेतली गोष्ट सांगितली. रोटर केवढा असतो ते अंगठा दाखवून सांगितलं. टोपणाला दोन बाजूंना दोन क्लिपा असतात, त्या बोटानं दाबल्या की टोपण वर येतं, रोटर नुसता वर ओढायचा, पान्हासुद्धा लागत नाही, हेसुद्धा सांगितलं. आई म्हणाली, "त्यानं गाडीचं काय वाईट हुतं का?" "काय न्हाई हुईत. परत बसवला की गाडी सुरू." आई "व्हय का" म्हणाली आणि पुढचा गोळा घेतला. मी शिकवत होते आणि ती ऐकत होती, एवढंच मला दिसत होतं. सतरा वर्षांची मुलगी यापलीकडं काय बघणार, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. ते पटत नाही.

चार दिवसांनी रहिमतपूरचं वऱ्हाड होतं. नवरीला आणि तिच्या मावश्यांना घेऊन आप्पांनी सकाळी साडेआठला निघायचं होतं. आप्पा आंघोळ करून, पांढरा सदरा घालून चुलीपुढं बसले. आईनं त्यांना आंबील दिली, ताकात घोळलेली, वर कोथिंबीर आणि भाजलेलं जिरं. ती त्यांना जा म्हणाली नाही आणि जाऊ नका असंही म्हणाली नाही. आप्पांनी वाटी खाली ठेवली आणि तिच्याकडं बघितलं.

"आज भांडान न्हाई व्हय?"

"माझं ऐकतंय कोन?" आई म्हणाली. "आनखी घ्या थोडी."

"ह्ये एवढं वऱ्हाड सोडून यतो. मग आठ दिस घरात. तुझी शपत."

आई वाटी उचलून मोरीकडं गेली.

बॅटरी त्या महिन्यात दुबळीच होती. आप्पा सेल्फ मारायचे नाहीतच, थेट हँडल घालायचे. गाडीच्या नाकाखालच्या भोकात ते वाकडं लोखंडी हँडल घालून जोरानं वर ओढायचं. इंजिन उलटं झटकलं तर मनगट मोडतं, म्हणून ते दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. रोज दोन, फार तर तीन झटक्यांत गाडी लागायची. त्या दिवशी तीन झाले. चौथा झाला. प्रत्येक वेळी आतून एक लांब, ओला, घसा खाकरल्यासारखा आवाज यायचा आणि विरून जायचा. आप्पांनी मान तिरकी केली. पंपाला हातानं दोन-चार दाब दिले, वास घेतला, मान हलवली. पेट्रोल येत होतं. पुन्हा हँडल. नववा-दहावा झटका असेल. सदरा पाठीला चिकटला होता.

"शाले," ते बंपरला हात टेकून म्हणाले, "डेल्कोचं टोपण काढून बघ गं जरा. ओल धरली का काय."

मी क्लिपा दाबल्या, टोपण वर उचललं. आत दांडी उघडी होती. तिच्यावर काही नव्हतं.

मला समजायला क्षणही लागला नाही. मी मान वर केली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, एक हात चौकटीवर, दुसरा कमरेशी. ती माझ्याकडं बघत होती. तिनं खूण केली नाही, डोळ्यानं दटावलं नाही, मान हलवली नाही. नुसती बघत होती. आप्पा गाडीच्या पुढं खाली वाकलेले, बॉनेटच्या आड, त्यांना ती दिसत नव्हती. मी टोपण परत बसवलं. आधी एक क्लिप, मग दुसरी.

"काय गं?"

"काय न्हाई आप्पा. समदं ठीक हाय."

हे मी का म्हणाले ते लिहायला बसले की हात थांबतो, पण लिहायलाच हवं, त्यासाठीच हे प्रकरण लिहायला घेतलं. मला वाटलं, अजून दोन झटके मारतील आणि कंटाळतील. वऱ्हाडाला निरोप जाईल, ते लोक दुसरी काही सोय करतील, आप्पा बाजेवर आडवे होतील, आई जिंकेल. आणि दुसरंही एक होतं. मला आतून गंमत वाटली. साऱ्या गावाच्या गाड्यांची दुखणी ओळखणाऱ्या माणसाला आम्ही दोघींनी घरातल्या घरात अडवलं होतं, आणि आईनं ते माझ्याकडून शिकून केलं होतं. मी ओठ आत घेऊन हसू दाबलं. ते हसू मला आजही माझ्या तोंडावर जाणवतं.

आप्पांनी माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतः येऊन बघितलं नाही. हातावर थुंकी टाकून त्यांनी पुन्हा हँडल धरलं आणि मारलं, पुन्हा मारलं, पुन्हा. आई दारातून एक पायरी खाली उतरली. तिनं "आवं, ऱ्हाऊ द्या" म्हटलं. आप्पा म्हणाले, "लागती बग आता." मग मला हँडल जमिनीवर पडल्याचा आवाज आला. आप्पा बंपरवर बसले. "जरा बसतो," ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, आणि डाव्या कुशीवर कलंडले.

आई कशी धावली ते मी बघितलं नाही. मी आप्पांचं डोकं धरलं होतं. त्यांचे ओठ निळे पडले होते, डोळे उघडे होते, घामानं केस कपाळाला चिकटले होते. बाबूकाका टपरीतून उडी टाकून आले. तोवर आईनं कनवटीला हात घातला, लुगड्याच्या निऱ्यांमधून तो चॉकलेटी तुकडा काढला आणि माझ्या हातात ठेवला.

"धर. बसव."

बाबूकाकांना त्यातलं काही कळलं नाही. मी टोपण काढलं, रोटर दांडीवर दाबला, टोपण बसवलं. माझी बोटं मुळीच थरथरली नाहीत. आम्ही तिघांनी आप्पांना मागच्या सीटवर घातलं, आई आत शिरून त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मी किल्ली फिरवून बसले आणि बाबूकाकांनी हँडल घातलं. अर्धी फेरी. पुरी फेरीसुद्धा नाही. गाडी लागली. पत्रा थरथरला.

डॉक्टर परगावी गेले होते. दवाखान्याच्या दारातल्या माणसानं हात सांगलीच्या दिशेनं केला आणि मी गाडी तशीच पुढं काढली. मी तोवर फक्त कारखान्याच्या रस्त्यावर गाडी चालवली होती, तीही आप्पा शेजारी असताना. आष्ट्याच्या बाजारातून गाडी कशी निघाली, बैलगाड्या कशा चुकवल्या, काही आठवत नाही. आठवतं ते इतकंच, की मी मागं वळून बघितलं नाही. मागून आईचा आवाज येत होता, "आलं, आलं आता," आणि आप्पांचा काहीच आवाज नव्हता. सांगलीचा पूल ओलांडताना खाली नदीचं पात्र वाळूनं भरलेलं दिसलं. गाडी एकदाही अडखळली नाही. ती इतकी सरळ, इतकी गोड चालत होती, की मला तिची भीती वाटली.

आप्पा दवाखान्यात नऊ दिवस होते. पहिले दोन दिवस त्यांना फारशी शुद्ध नव्हती. मग बोलायला लागले, थोडं थोडं. आई खाटेखाली चटई टाकून राहायची, ती वाटीत पेज घेऊन त्यांना चमच्यानं भरवायची आणि ते शहाण्या मुलासारखे तोंड उघडायचे. भेटायला आलेली माणसं विचारायची, काय झालं, कसं झालं. आई म्हणायची, "गाडी चालू हुईना झालती." आप्पा छताकडं बघायचे.

पाचव्या दिवशी दुपारी आई कपडे धुवायला मागच्या हौदावर गेली होती. आप्पांनी मला हातानं जवळ बोलावलं.

"गाडी अर्ध्या फेरीत लागली," ते म्हणाले.

मी त्यांच्या अंगावरची चादर नीट केली.

"मागं पडल्यालो मी, पर कान हुतं की मला. अर्धी फेरी. मी पंधरा मारल्या असत्याल."

"व्हय."

"टोपन तू उघडलं हुतंस."

मी खाटेच्या लोखंडी दांडीला धरून उभी होते. वॉर्डात कुणीतरी मोसंबं सोलत होतं, त्याचा वास येत होता.

"रोटर नव्हता न्हवं त्यात?"

मी होकारार्थी मान हलवली.

आप्पांनी हौदाकडच्या दाराकडं बघितलं. मग म्हणाले, "तिला कळू दिऊ नगंस. मला कळलंय म्हून. ती त्ये घिऊन जगायची न्हाई."

"न्हाई सांगत."

"कवाच."

"कवाच न्हाई, आप्पा."

त्यांनी डोळे मिटले. मी तिथंच थांबले. माझ्याबद्दलही काहीतरी म्हणतील, म्हणून. रागावतील, किंवा डोक्यावर हात ठेवतील. हौदावरून आई पिळे घेऊन येताना दिसली, तोवर मी वाट बघितली. पण माझ्याबद्दल ते काही बोलले नाहीत. त्या दुपारी नाही, पुढच्या चार दिवसांतही नाही. नवव्या दिवशी दुपारी जेवणाची ताटं वाजत होती तेव्हा ते गेले.

भाऊ रजा घेऊन आला, दिवस झाले, पै-पाहुणे पांगले. गाडी मी सांगलीहून आणून शेडमध्ये लावली होती आणि तिच्यावर पोतं टाकलं होतं. आई सकाळी चुलीपुढं बसलेली असायची. साडेआठच्या सुमाराला ती एकदम हात थांबवायची, उठायची आणि दारात येऊन उभी राहायची, एक हात चौकटीवर. मी अंगणात झाडत असायचे. मीही थांबलेली असायचे. मी तिला विचारलं नाही, 'तुला बी ऐकू आलं का?' तिनंही विचारलं नाही. तो लांब, ओला, घसा खाकरल्यासारखा आवाज. एकदा तर शेडमधल्या चिमण्या भर्रकन उडाल्या आणि आम्ही दोघी एकाच वेळी तिकडं बघितलं. पोतं होतं तसं होतं. आईनं लाकूड मागं ओढलं, आणि मग तसंच हातात धरून बसून राहिली.

भावानं पुढच्या रजेत गाडी विकली. ती घेऊन जाणाऱ्या माणसाला पहिल्या झटक्यात लागली. फाटकातून बाहेर पडली, पेठच्या रस्त्याला लागली, आवाज लहान होत गेला. मला वाटलं, आता सुटलो. पण साडेआठला आई दारात येतच राहिली.

पुढं माझं लग्न सांगलीत झालं. नवरा माधवनगरच्या गिरणीत कारकून होता, शांत स्वभावाचा. त्याला मी हे कधी सांगितलं नाही. भावानं नोकरीच्या गावी घर केल्यावर आई माझ्याकडं राहायला आली आणि शेवटपर्यंत राहिली. तीसहून जास्त वर्षं आम्ही दोघी एका छपराखाली होतो. आप्पांच्या गोष्टी निघायच्या, फौजेच्या, त्यांच्या हसण्याच्या, त्यांना आवडणाऱ्या हुलग्याच्या माडग्याच्या. त्या सकाळपाशी आलं की आमच्यातली कुणीतरी एक उठून जायची. मी गाडी पुन्हा चालवली नाही. नवरा म्हणायचा शिक, मी म्हणायचे मला जमणार नाही.

आई गेली त्याच्या आधीच्या हिवाळ्यात एक दुपार होती. ती ऐंशीच्या पुढं गेली होती, ऐकू कमी यायचं. आम्ही गच्चीच्या दारात उन्हाला बसून शेंगा सोलत होतो. खाली कुणीतरी गाडीचा सेल्फ मारत होतं, एकसारखा, आणि गाडी लागत नव्हती. मला वाटलं, आईला ऐकू येत नसेल. ती म्हणाली, "कुनाची गाडी हुईना गं चालू?"

"खालच्यांची आसंल."

तिनं दोन शेंगा फोडल्या. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "शाले, त्यास्नी कळलं हुतं का?"

आप्पांना मी शब्द दिला होता. आई जगावी म्हणून त्यांनी तो घेतला होता, आणि आई जगली होती, नातवंडं-पतवंडं बघून झाली होती. आता तिच्यापासून काय राखायचं, असं माझ्या मनात आलं. मी म्हणाले, "व्हय. दवाखान्यात बोललं मला. तुला सांगू नगंस म्हनालं."

मला वाटलं, ती कोसळेल. तिच्या हातातली शेंग फुटली नाही, बोटांत तशीच राहिली.

"तरीच," आई म्हणाली.

तिनं ती शेंग तशीच सुपात टाकली.

"गाडीत त्यांचं डोस्कं माझ्या मांडीवर हुतं. आष्ट्याच्या म्होरं त्यांनी माझा हात धरला. मला वाटलं, जीव घाबरलाय म्हून धरत्यात. तर माझी बोटं धरली, आन् टावेलाच्या टोकानं पुसाय लागले. एकेक बोट. ह्या दोन बोटास्नी काळं लागलं हुतं, त्या डब्यातलं. मला त्येचं भान बी न्हवतं. मी हात काढून घ्याची, ते परत वढून घ्याचे, आन् पुसायचे. मला वाटलं, भ्रमात हायती." तिनं डोळ्याला पदर लावला नाही. "दवाखान्यात पोचूस्तवर निघालं हुतं समदं."

खालची गाडी सुरू झाली, मागं-पुढं होऊन फाटकातून गेली. आईनं दुसरी शेंग उचलली.

"तुला काय बोलले का? टोपनाचं?"

"न्हाई."

"कायच न्हाई?"

"न्हाई गं."

आई माझ्याकडं वळली. तिचे डोळे म्हातारपणानं फिके झाले होते, पण ती बघत होती नीट. "ते तुला कशाला बोलत्याल? मी दारातनं तुला मान हलवून सांगितलं हुतं, गप ऱ्हा म्हून. तू आईचं ऐकलंस. तुझं काय हाय त्यात?"

मी तो दरवाजा आयुष्यभर बघत आले आहे. चौकटीवरचा हात, कमरेशी धरलेला हात, उन्हात न हललेला तो चेहरा. तिनं मान हलवली नव्हती. हे मला पक्कं ठाऊक होतं आणि तिलाही ठाऊक होतं.

"हलवली हुतीस व्हय?" मी विचारलं.

"मग? चांगली हलवली हुती," आई म्हणाली, आणि सूप माझ्याकडं सरकवलं. "घे, पाखड."